बाबांचं पंपिंग 45 टक्के आहे, हे बाबांनाच माहीत नाही

प्रश्न

पुण्यात नोकरी करणाऱ्या एका वाचक भगिनीचं हे पत्र. तिचे वडील 63 वर्षांचे, जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले गुरुजी. सातारा जिल्ह्यातल्या गावी आईसोबत राहतात, थोडी शेती करतात, दर वर्षी आषाढीला पायी वारी करतात. हर्नियाच्या ऑपरेशनसाठी फिटनेस काढताना टूडी इको (हृदयाची सोनोग्राफी) झाला आणि रिपोर्टवर आलं: 'एलव्हीईएफ 45 टक्के, माइल्ड ग्लोबल हायपोकायनेशिया', म्हणजे हृदयाचं पंपिंग 45 टक्के आणि स्नायूची हालचाल थोडी मंद. हृदयरोगतज्ज्ञांनी मेटोप्रोलॉल, रॅमिप्रिल आणि डॅपाग्लिफ्लोझिन या गोळ्या सुरू करून तीन महिन्यांनी बोलावलं. ऑपरेशन तूर्त थांबलं.

मोठ्या भावाने ठरवलं की बाबांना यातलं काही सांगायचं नाही. त्यांना सांगितलं, बीपी थोडं वाढलंय, गोळ्या घ्या. तेव्हापासून आई त्यांना माडी चढू देत नाही, हळदीची काढणी चालू असून शेतात पाऊल टाकू देत नाही, स्कूटरची किल्ली भावाकडे आहे आणि 'यंदा वारी नाही' हे परस्पर ठरलं आहे. बाबा चिडचिडे झालेत. बीपी 124/80 येतंय म्हणून गोळ्या एक दिवसाआड घेतात. मेडिकलवाल्याने 'यातली एक शुगरची आहे, तुम्हाला शुगर कुठाय?' असं विचारल्यावर ती गोळी त्यांनी बंदच केली. गुडघे दुखले की दुखणं थांबवायची गोळी मात्र न विचारता घेतात. शेजारी म्हणतात, आजच्या आज अँजिओग्राफी करा. मामांनी अर्जुनारिष्टाच्या बाटल्या आणून ठेवल्यात. चढावर त्यांना थोडी धाप लागते, पण 'ती वयाची आहे' असं घरात सगळे धरून चालतात. भगिनी विचारते: 'निम्म्याहून जास्त हृदय निकामी झालेल्या माणसाला हे सांगायचं कसं? का सांगूच नये? हर्नियाचं ऑपरेशन रद्द करायचं का? आणि आमच्या हातात किती वर्षं आहेत?'

उत्तर

ताई, पुढचं सावकाश वाचा, पण आधी घरी एक फोन करा. मेटोप्रोलॉल एक दिवसाआड घेण्याची गोळी नाही. ती हृदयाचे ठोके आवरून धरते. मध्येच सुटली की ठोके आणि बीपी उसळी मारू शकतात, आणि हृदयाच्या धमन्यांत अडथळा असेल तर ते धोक्याचं ठरतं. बाबांनी आजवर किती डोस चुकवलेत ते तुमच्या डॉक्टरांना आजच कळवा आणि त्यांच्या सांगण्याप्रमाणे गोळ्या पुन्हा नीट सुरू करा. दुसरं, गुडघ्यासाठी ते जी गोळी घेतात तिच्या पाकिटावरचं नाव वाचून घ्या. डायक्लोफिनॅक, ॲसिक्लोफिनॅक, आयबुप्रोफेन यांपैकी काही असेल तर ती बंद. या गोळ्या अंगात मीठ-पाणी साठवतात, किडनीवर ताण आणतात, आणि रॅमिप्रिल चालू असताना तो ताण आणखी वाढतो. दुखणं फार असेल तर पॅरासिटामॉल चालतं का, हे विचारून घ्या.

आता त्या 45 कडे वळू. घरातली सगळी भीती त्या आकड्यातून आली आहे आणि माझ्या मते तो तुमच्या घरात चुकीचा वाचला जातोय.

तुम्ही लिहिलंय, 'निम्म्याहून जास्त हृदय निकामी'. 45 टक्के हे शंभरपैकी मिळालेले गुण असते तर हे खरं ठरलं असतं. पण इथे शंभर कुणालाच मिळत नाहीत. हृदयाचा डावा खालचा कप्पा रक्ताने पूर्ण भरतो तेव्हा त्यात समजा 120 मिलिलिटर रक्त आहे. एका ठोक्यात तो त्यातलं 70 मिलिलिटरच्या आसपास बाहेर ढकलतो, बाकीचं आतच राहतं. हे झालं साधारण 58 टक्के, आणि हे निरोगी हृदय आहे. इको करणारे डॉक्टर पुरुषांमध्ये 52 ते 72 आणि स्त्रियांमध्ये 54 ते 74 हा आकडा सर्वसाधारण मानतात. म्हणजे बाबांचं हृदय नेहमीच्या खालच्या रेषेपासून सात अंकांनी खाली आहे. घटलेलं आहे, ते मी नाकारत नाही. पण 55 टक्के हृदय बंद पडलंय, हे चित्र मनातून आधी पुसून टाका, आईच्या मनातूनही.

शिवाय हा आकडा थर्मामीटरवरच्या तापासारखा नेमका वाचता येत नाही. इकोच्या पडद्यावर कप्प्याच्या कडा कुठे आहेत हे माणूस ठरवतो. काही ठिकाणी दोन बाजूंनी चित्र घेऊन, कडा आखून मोजमाप होतं. काही ठिकाणी अनुभवी डॉक्टर नजरेनेच अंदाज बांधतात. त्या वेळी ठोके जलद असतील, बीपी चढलेलं असेल, छातीतून चित्र स्पष्ट येत नसेल, तर आकडा हलतो. एकाच माणसाचा एकाच आठवड्यात दोन ठिकाणी इको केला तर पाच-सात अंकांचा फरक सहज पडतो. म्हणून तीन महिन्यांनी 42 आलं तर रडू नका, आणि 49 आलं तर पेढेही वाटू नका. पुढचा इको शक्यतो त्याच ठिकाणी करा, जुना रिपोर्ट सोबत न्या आणि 'आकडा मोजून काढलाय की अंदाजाने?' हे नम्रपणे विचारा. कुठल्याही चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

रिपोर्टवर त्या एका ओळीशिवाय आणखीही बरंच असतं आणि ते कुणी वाचत नाही. डावा कप्पा फुगलाय की आकाराने नेहमीसारखा आहे? भिंती जाड झाल्यात का? झडपा गळतात का? उजवी बाजू कशी आहे? 45 टक्के आणि कप्पा नेहमीच्या आकाराचा, ही एक गोष्ट झाली. 45 टक्के आणि कप्पा ताणून मोठा झालेला, ही वेगळी. तुम्ही पाठवलेल्या ओळीत 'ग्लोबल' असा शब्द आहे. म्हणजे स्नायू सगळीकडून सारखाच थोडा मंद हलतोय. एखादाच भाग हलत नसता तर त्या भागाला रक्त पुरवणाऱ्या धमनीवर पहिला संशय गेला असता. सगळीकडून मंद असेल तर कारणांची यादी लांबते, पण धमन्या त्या यादीतून बाद होत नाहीत.

आणि ताई, तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एक प्रश्न कुठेच नाही, तोच सगळ्यांत आधी विचारायला हवा होता: हे झालं कशामुळे? 45 हा आजार नाही. कुठल्या तरी आजाराने मागे ठेवलेली ती खूण आहे. वर्षानुवर्षं लक्ष न दिलेलं बीपी, कळ न येता होऊन गेलेला हार्ट ॲटॅक (मधुमेह असलेल्यांत हे जास्त दिसतं), दारू, थायरॉईड, हृदयाच्या स्नायूला सूज आणणारा एखादा विषाणू, वारंवार पडणारे जादा ठोके, ठोके सतत जलद राहणं, हृदयातल्या विद्युत वहनातला दोष, कर्करोगावरची काही औषधं, झोपेत श्वास अडकणं, घराण्यातून आलेला स्नायूंचा दोष. यातली काही कारणं अशी आहेत की ती दूर केली की पंपिंग बऱ्याच अंशी पूर्ववत होतं. दारू सोडल्यावर, थायरॉईड ताब्यात आल्यावर, जादा ठोक्यांवर उपचार झाल्यावर आकडा वर चढलेली माणसं मी पाहिली आहेत.

म्हणून पुढच्या भेटीत विचारायची पहिली गोष्ट हीच. सोबत ईसीजी, हिमोग्लोबिन, क्रिएटिनिन (किडनीचं काम कळण्यासाठी), पोटॅशियम, थायरॉईड, तीन महिन्यांची सरासरी साखर आणि कोलेस्टेरॉल यांचे रिपोर्ट असू द्यात. रॅमिप्रिल सुरू झाल्यावर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम एकदा तपासायचं असतं. ते राहिलं असेल तर तीन महिन्यांची वाट न पाहता करून घ्या. एनटी-प्रो-बीएनपी नावाची रक्ताची एक तपासणी आहे, हृदयावर ताण किती आहे याचा अंदाज तिच्यातून येतो. ती हवी का ते डॉक्टर ठरवतील. आणि तंबाखू, मिश्री, दारू यांबद्दल डॉक्टरांनी विचारलं तर घरच्यांनी 'नाही हो, आमचे गुरुजी तसले नाहीत' असं मध्ये बोलू नये. बाबांना उत्तर देऊ द्या. लागल्यास तुम्ही खोलीबाहेर थांबा.

शेजाऱ्यांची अँजिओग्राफी? कदाचित लागेल, पण शेजारी म्हणतात म्हणून आजच्या आज नाही. छातीत दुखत असेल, ईसीजीत खुणा असतील, मधुमेह किंवा तंबाखूचा इतिहास असेल, तर धमन्या पाहायलाच हव्यात. धोका कमी वाटत असेल तर सीटी स्कॅनवर धमन्या पाहण्याचा मार्गही आहे, त्यात मांडीतून किंवा मनगटातून नळी घालावी लागत नाही. हा निर्णय तुमच्या डॉक्टरांसमोर शांतपणे बसून घ्यायचा आहे. कारण न सांगता 'करून टाका' म्हणणाऱ्यापेक्षा 'का करायची' हे पाच मिनिटं समजावणारा डॉक्टर धरा.

चढावरच्या धापेबद्दल तुम्ही सगळे किती सहज बोलून गेलात! बाबा दर वर्षी वारी चालतात, म्हणजे त्यांच्या चालण्याची मोजपट्टी घरातच आहे. दोन वर्षांपूर्वी त्याच चढावर ते न थांबता जात होते का? वारीत गेल्या वर्षी ते दिंडीच्या मागे पडले का? रात्री उशी वाढवून घेतात का? संध्याकाळी पायमोज्यांचे वळ उमटतात का? हे प्रश्न आकड्याइतकेच, किंबहुना जास्त महत्त्वाचे. पंपिंग 41 ते 49 च्या दरम्यान असेल, सोबत धाप, सूज किंवा थकवा असेल आणि त्यामागे हृदयच आहे हे तपासणीत दिसलं, तर डॉक्टर त्याला 'किंचित घटलेल्या पंपिंगचं हार्ट फेल्युअर' म्हणतात. हा शब्द ऐकून घाबरू नका. हृदय बंद पडलं, असा त्याचा अर्थ नाही. शरीराच्या गरजेला ते सहजपणे पुरं पडत नाही, इतकाच. लक्षणं काहीच नसतील तर ती त्याच्याही अलीकडची पायरी आहे, आणि तिथेच थांबवता येणं ही मोठी संधी असते. हर्नियाच्या निमित्ताने हे लवकर सापडलं, हे तुमच्या घराचं भाग्य समजा.

या मधल्या पट्ट्याची वैद्यकशास्त्राने फार काळ उपेक्षाच केली. औषधांचे मोठे अभ्यास बहुतेक 40 किंवा त्याखालच्या पंपिंगवर झाले. चाळिशीतले आकडे कुठे बसवायचे हेच ठरत नव्हतं. 2016 मध्ये युरोपातल्या हृदयरोगतज्ज्ञांनी या पट्ट्याला वेगळं नाव दिलं, 2021 मध्ये ते बदलून 'किंचित घटलेलं' असं केलं. त्यामुळे आता या माणसांकडे नीट लक्ष जातंय.

त्या 'शुगरच्या' गोळीची गोष्टही इथलीच. डॅपाग्लिफ्लोझिन मधुमेहासाठी आलं हे खरं, मेडिकलवाला खोटं बोलला नाही. पण पुढे दिसलं की मधुमेह नसलेल्यांच्या हृदयालाही ते उपयोगी पडतं. 2022 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात पंपिंग 40 च्या वर असलेले, हार्ट फेल्युअरची लक्षणं असलेले सहा हजारांहून जास्त लोक होते, मधुमेह असलेले आणि नसलेलेही. या गोळीने आजार बळावण्याचा किंवा हृदयामुळे मृत्यू येण्याचा एकत्रित धोका 18 टक्क्यांनी कमी झाला, आणि त्यातला मोठा वाटा आजार बळावून दवाखाना गाठण्याची वेळ कमी येण्याचा होता. मधुमेह नसलेल्याची साखर या गोळीने सहसा धोकादायक खाली जात नाही. काळज्या दोन-तीन आहेत. लघवीतून साखर जाते म्हणून जननेंद्रियांची स्वच्छता ठेवायची, खाज-लाली आली तर लाजून लपवायचं नाही. उलट्या-जुलाब झाले, खाणंपिणं सुटलं तर त्या दिवसांत गोळी चालू ठेवायची का, हे डॉक्टरांना फोन करून विचारायचं. बाबा कडक निर्जळी एकादशी करत असतील तर तेही आधीच सांगून ठेवा.

मेटोप्रोलॉल आणि रॅमिप्रिल बीपीच्याही गोळ्या आहेत, म्हणूनच तुमचं 'बीपी वाढलंय' हे कारण इतकं सोयीचं वाटलं. पण इथे त्या बीपी उतरवायला दिलेल्या नाहीत. हृदयावरचा ताण हलका करून स्नायूला सावरायला वेळ देणं हे त्यांचं काम. बीपी 124/80 असतानाही त्या घ्यायच्या असतात. आणि हे बाबांना कळणार कसं? त्यांना सांगितलेल्या गोष्टीप्रमाणे ते अगदी शहाण्यासारखे वागले: बीपी उतरलं, गोळी कमी केली, शुगर नाही, शुगरची गोळी बंद केली. गुडघा दुखला, दुखण्याची गोळी घेतली. हृदयाचा विचार त्यांनी करायचं काही कारणच नव्हतं. तुमच्या पत्रातल्या प्रत्येक अडचणीचा धागा ओढत गेलं की तो त्या न सांगण्यापाशी येतो.

म्हणून माझं स्पष्ट मत: सांगा. आणि या आठवड्यातच सांगा.

तुमच्या भावाला मी दोष देत नाही. आपल्याकडे घराघरात हे होतं. धाकट्यांनी मोठ्यांचा रिपोर्ट आधी वाचायचा, दवाखान्याच्या जिन्यात उभं राहून ठरवायचं, आणि खोलीत शिरताना चेहरे बदलायचे. हे मायेतून होतं, यात शंका नाही. पण 'बाबांना धक्का बसेल' हे तुम्ही धरून चाललात त्याला आधार काय? ज्यांनी आयुष्यभर दुसऱ्यांच्या पोरांना शिकवलं, पालकांना कटू गोष्टी समोर बसवून सांगितल्या, त्यांना स्वतःबद्दलचं एक वाक्य पेलवणार नाही असं का वाटलं? बरं, काहीतरी आहे हे त्यांना कळलेलंच आहे. साध्या बीपीसाठी कुणी स्कूटरची किल्ली काढून घेत नाही. ते चिडचिडे झालेत असं तुम्ही लिहिता. मला वाटतं, ते घाबरलेत आणि विचारायची सोय उरलेली नाही. न सांगितलेला आजार माणूस मनात मोजतो तेव्हा तो 45 पेक्षा फार वाईट मोजतो.

दुसरंही एक कारण आहे. हृदय त्यांचं आहे. अँजिओग्राफी करायची की नाही, ऑपरेशन कधी, वारीला जायचं का, हे त्यांनी ठरवायचं; तुम्ही मदत करायची.

कसं सांगायचं ते विचारलंत. दोघं भावंडं एकत्र गावी जा, फोनवर नको. आईला आदल्या दिवशी आकड्याचा खरा अर्थ समजावून ठेवा, नाहीतर तिच्या डोळ्यांतलं पाणी पाहून बाबा तुमच्या शब्दांवर विश्वास ठेवणार नाहीत. सकाळी, चहानंतर, पाहुणे नसताना बसा. सुरुवात तुमच्या माहितीने करू नका, त्यांना काय वाटतंय तिथून करा: 'बाबा, त्या दिवशी दवाखान्यात काय झालं असं तुम्हाला वाटतं?' ऐका. मग सांगा, 'रिपोर्टमध्ये बीपीपेक्षा थोडं जास्त होतं. हृदयाचं पंपिंग नेहमीपेक्षा थोडं कमी दिसलं. नेहमी 52 च्या वर असतं, तुमचं 45 आहे. औषधं त्याचीच आहेत आणि ती रोज घेतली तर सुधारायची चांगली शक्यता आहे. आम्ही घाबरलो म्हणून तुमच्यापासून लपवलं. ते आमचं चुकलं.' शेवटचं वाक्य भावाने म्हणावं. मग गप्प बसा. त्यांना रागवायचं असेल तर रागावू दे. प्रश्न विचारले आणि उत्तर माहीत नसलं तर वहीत लिहून घ्या, पुढच्या भेटीत ती वही बाबांच्याच हातात द्या. रिपोर्टची फाईलही त्यांच्याच कपाटात ठेवा.

एवढं बोलणं जमत नसेल तर डॉक्टरांना आधी फोन करून सांगा की वडिलांना माहीत नाही, तुम्ही त्यांच्यासमोर समजावाल का. बहुतेक डॉक्टर आनंदाने करतात. पण बाबांना तिथे अचानक कळू देऊ नका. निदान 'उद्या डॉक्टर हृदयाबद्दल बोलणार आहेत' एवढं घरून निघताना सांगा.

आता घरातल्या बंद्या. माडी, शेत, स्कूटर, वारी. छातीत दुखणं, चक्कर येऊन पडणं, बसल्या जागी धाप असं काही नसेल तर जिना चढायला मनाई करण्याचं कारण मला दिसत नाही. अशा हृदयाला घरी बसवणं उपकारक नाही. नियमित चालण्याने ताकद वाढते. रोज अर्धा तास, बोलता येईल पण गाता येणार नाही इतक्या वेगाने चालणं, ही बाबांसाठी बरी मर्यादा. अभंग म्हणत चालायची सवय असलेल्या वारकऱ्याला हे लगेच समजेल. शेतात फेरी मारू दे, मजुरांवर देखरेख करू दे. हळदीची पोती उचलणं, जोर लावून ओढाताण मात्र नको, आणि ते आधी हर्नियासाठीच नको. स्कूटरची किल्ली परत द्या. कधी शुद्ध हरपली असेल तर मात्र आधी डॉक्टरांना विचारा.

वारीबद्दल मी सहज 'नाही' म्हणणार नाही. आषाढी अजून चार महिने लांब आहे आणि त्याआधी तुमची पुढची भेट आहे. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर, तीन आठवड्यांच्या आसपासची चाल. इतकी संपूर्ण चाल यंदा हृदयाकडून मागू नये असं मला वाटतं, विशेषतः पुण्याहून सासवडला जाताना दिवे घाटाची चढण. पण माउलींची पालखी नीरा ओलांडून तुमच्याच जिल्ह्यात लोणंदला येते. धमन्यांची तपासणी ठीक निघाली, औषधं बसली आणि डॉक्टरांनी चालण्याची चाचणी घेऊन होकार दिला, तर तिथून तरडगाव, फलटण असे एक-दोन टप्पे चालणं आणि बाकीचं दिंडीच्या गाडीत, हे घडू शकतं. सोबत कुणीतरी हवं, गोळ्यांचा डबा गळ्यातल्या पिशवीत हवा. उन्हात घाम जाऊन या गोळ्यांवर बीपी फार उतरू शकतं, म्हणून उठताना डोळ्यांपुढे अंधारी आली की बसायचं आणि पालखी मार्गावरच्या आरोग्य पथकाला गाठायचं. हर्नियाचं ऑपरेशन वारीच्या आधी की नंतर, हेही याच भेटीत ठरवा.

मिठाचं सांगते. दिवसभरात सगळं मिळून पाच ग्रॅमच्या आत, म्हणजे सपाट एक छोटा चमचा. आमटीतलं मीठ कमी करून पानात पापड, लोणचं, खारातली मिरची, फरसाण वाढलं तर काही साधत नाही. सैंधव मीठ चालतं हा गैरसमज आहे, तेही जवळजवळ सगळं सोडियमच. 'लो सोडियम' मिठात पोटॅशियम असतं आणि रॅमिप्रिल चालू असताना ते रक्तात साठू शकतं, म्हणून विचारल्याशिवाय आणू नका. शहाळ्याचं पाणी रोज देत असाल तर तेही डॉक्टरांना सांगा. पाण्यात फसफसणाऱ्या गोळ्या आणि पुड्यांतही सोडियम असतं.

अर्जुनारिष्टाच्या बाटल्यांवरून मामांशी भांडू नका. अर्जुनाच्या सालीचा हृदयाशी संबंध आयुर्वेदात जुना आहे, पण घटलेल्या पंपिंगवर या गोळ्यांची जागा ती घेऊ शकेल असा भक्कम पुरावा नाही. अरिष्ट आंबवून केलेलं असतं, त्यात मद्याचा अंश असतो. द्यायचंच मनात असेल तर डॉक्टरांना बाटली दाखवा, परस्पर नको.

रोज सकाळी शौचाला जाऊन आल्यावर, नाश्त्याआधी वजन करून वहीत लिहायचं काम बाबांकडे द्या. मास्तरांना नोंदी ठेवायला आवडतात. दोन-तीन दिवसांत वजन दीड-दोन किलोने वाढलं, पाय सुजले, आडवं झाल्यावर धाप लागून उठून बसावं लागलं, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता डॉक्टरांना फोन. छातीत दाब किंवा कळ, दरदरून घाम, शुद्ध हरपणं, बसल्या जागी श्वास न पुरणं असं झालं तर थेट 108. हा नंबर आईच्या फोनमध्ये आजच घालून द्या.

हर्नियाचं ऑपरेशन रद्द करायचं का, हेही तुम्ही विचारलंय. 45 टक्के पंपिंग म्हणजे ऑपरेशनच नको, असं नाही. औषधं बसवून, कारण शोधून, हृदयरोगतज्ज्ञ आणि भूलतज्ज्ञ यांनी मिळून ठरवलं की अशी ऑपरेशनं नीट होतात. दोन गोष्टी मात्र लक्षात ठेवा. डॅपाग्लिफ्लोझिन ऑपरेशनच्या किमान तीन दिवस आधी थांबवायला सांगतात, ते सर्जनना आठवणीने विचारा; मेटोप्रोलॉल सहसा चालूच ठेवतात, ती स्वतःहून बंद करू नका. आणि हर्निया अचानक टणक झाला, आत जाईना, उलट्या सुरू झाल्या तर ती तातडीची अवस्था आहे. तेव्हा हृदयाचं कारण सांगून घरी थांबायचं नाही.

किती वर्षं, या तुमच्या प्रश्नाला 45 या एका आकड्यावरून कुणीही प्रामाणिक उत्तर देऊ शकत नाही. ते कारणावर, कप्प्याच्या आकारावर, किडनी आणि साखरेवर, आणि गोळ्या रोज पोटात जातात की नाही यावर ठरतं. या पट्ट्यातली काही माणसं उपचारांनी वर चढतात, काही तिथेच स्थिर राहून वर्षानुवर्षं नीट जगतात, काहींचं पंपिंग खाली सरकतं. बाबा यातले कोण, हे पुढचे दोन-तीन इको सांगतील. आणि समजा सहा महिन्यांनी आकडा 55 आला, तर गोळ्या बंद करायचा मोह तुमच्या घरात नक्की होईल. लंडनमध्ये 51 रुग्णांवर झालेला एक अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. हृदयाच्या स्नायूच्या आजारातून सावरून पंपिंग पूर्ववत झालेली ही माणसं होती. देखरेखीखाली औषधं थांबवली, आणि सहा महिन्यांत त्यातल्या सुमारे 40 टक्के लोकांचा आजार परतला. सुधारणा औषधांनी धरून ठेवलेली असू शकते.

सगळ्या तपासण्यांनंतरही कारण सापडलं नाही, धमन्या मोकळ्या निघाल्या आणि कप्पा मोठा झालेला असेल, तर स्नायूचा दोष घराण्यातून आलेला असू शकतो. तसं झालं तर तुम्ही आणि तुमच्या भावाने स्वतःचा ईसीजी आणि इको करून घ्यायचा असतो, लक्षणं नसली तरी. घराण्यात कुणी कमी वयात अचानक गेलं होतं का, हे आजी-आत्याला विचारा आणि ते उत्तरही बाबांच्या वहीत लिहून डॉक्टरांकडे न्या.